भातुकलीची कपबशी

“जाड लिही गं जरा. काल बशी पार नाकापर्यंत न्यावी लागली. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना वाटलं असेल, बाई बशी चाटतेय की काय.”

नेस्टा प्रॉबर्ट आरशासमोर बसून भुवया रंगवत होती. मी तिच्या मागे इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून जखमेवर लावायची गुलाबी चिकटपट्टी कापत होते. एकेका तुकड्यावर एक-दोन शब्द. जिना. घड्याळ. ओली छत्री. डावा हात. दुधाची बाटली. असे एकूण नऊ तुकडे. काही बशांमध्ये, काही कपांच्या कानांमागे, एक किटलीच्या झाकणाच्या आत, एक साखरेच्या भांड्याला.

नाटक खुनाचं होतं. दुसऱ्या अंकात खाणावळीची मालकीण मिसेस गिल इन्स्पेक्टरला चहा देते आणि देता देता त्या रात्री काय काय ऐकलं ते सांगते. आठ मिनिटं एकटी बोलते. तिनं त्यातली एक गोष्ट गाळली, तर तिसऱ्या अंकात खुनी कसा सापडला हे कोणाच्या बापालाही कळणार नाही. सप्टेंबरपासून नेस्टा ही आठ मिनिटं अशी करायची की लोक खोकायचे थांबायचे. जानेवारीत दौऱ्यावर असताना डार्लिंग्टनला पहिल्यांदा ती अडकली. छत्रीची हकीकत दोनदा सांगितली, आणि दुसऱ्यांदा अशी सांगितली की नाटकातच तशी आहे असं वाटावं. महिन्याभरानं एका सकाळी नाश्त्याला समोरच्या माशाकडे बघत तिनं मला हळूच विचारलं, “आपलं सध्या कुठलं नाटक चालू आहे गं?”

ते फक्त मला माहीत होतं. चिकटपट्टीची युक्तीही माझीच.

आमच्या धंद्यात म्हाताऱ्या नटीबद्दल ‘हिला हल्ली वाक्यं राहत नाहीत’ एवढं कोणी म्हटलं की तिचा फोन वाजायचा थांबतो. आणि नेस्टाचा फोन तर आत्ता कुठे वाजला होता, एकाहत्तराव्या वर्षी. एक्कावन्न वर्षं तिनं काम केलं. सगळ्या देशानं तिचा चेहरा पाहिलेला, नाव मात्र कोणाला सांगता येणार नाही. बसमध्ये बायका विचारायच्या, “तुम्ही आमच्या जाऊबाईंच्या शेजारी राहता ना?” नेस्टा म्हणायची, “हो, आणि तिला सांगा कुत्र्याला आवरायला.” टीव्हीवर शेवटी नावं सरकायची त्यात ती ‘दुसरी नर्स’, ‘घरमालकीण’, ‘बसथांब्यावरची बाई’. प्रेत सापडल्यावर किंकाळी मारणाऱ्या बाया तर तिनं इतक्या केल्या, की ती कुठे दार उघडायला लागली की प्रेक्षक आधीच कान झाकायचे. आता रविवारच्या एका मालिकेत पाद्र्याच्या घरची हाऊसकीपर करायची होती. तेरा भाग. पात्राला स्वतःचं नाव आणि स्वतःचं स्वयंपाकघर. नट निवडणाऱ्या मिस लोम त्या शनिवारच्या मॅटिनीला खास लंडनहून आमच्या मुक्कामी, वर्दिंगला, येणार होत्या. बाकी सगळं ठरल्यातच जमा होतं, त्यांना फक्त एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

आणि नेमकी तीच आमच्या दौऱ्याची शेवटची मॅटिनी होती.

दौऱ्याच्या शेवटच्या मॅटिनीला नट एकमेकांच्या खोड्या काढतात. कुठल्याही कंपनीत बघा. दाराची मूठ साबणानं माखायची, टोपीत जिवंत खेकडा ठेवायचा, व्हिस्की म्हणून ठेवलेल्या थंड चहाच्या जागी खरीच व्हिस्की. प्रेक्षकांना कळता कामा नये, आणि जो रंगमंचावर हसला तो मेला. रात्रीचा शेवटचा प्रयोग मात्र चोख करायचा. मॅनेजर दरवर्षी नोटीस लावतात, की असले प्रकार खपवून घेतले जाणार नाहीत, आणि दरवर्षी त्या दुपारी विंगेत उभे राहून पोट धरून हसतात.

या खेळाची महाराणी होती नेस्टा. तिच्या खोड्यांच्या गोष्टी दारू पितापिता सांगितल्या जायच्या. सगळ्यांत जास्त सांगितली जायची ती ओल्डममधली.

रंगमंचावर वाचायचं पत्र कोणी पाठ करत नाही. कशाला करायचं? कागदावर सगळं लिहिलेलंच असतं. एकसष्ट साली ओल्डमच्या कंपनीत एकोणीस वर्षांची एक पोर होती. मोलकरणीचं काम, आयुष्यातली पहिली बोलायची भूमिका. तिसऱ्या अंकात ती मालकिणीला पत्र वाचून दाखवायची. शेवटच्या मॅटिनीला तिनं पाकीट फोडलं तर आत कोरा कागद. समोर विणकाम करत बसलेल्या नेस्टानं मान वर केली आणि गोड आवाजात म्हटलं, “वाच ना, पोरी. की शाळेत गेली नाहीस?” लोक खो खो हसले. ते हसताहेत असं बघून ती आणखी म्हणाली, “बरं, चित्र काढलंय का? मग चित्र तरी दाखव.” पोर तिथेच, सहाशे लोकांसमोर, नाक वाहेपर्यंत रडली. सोमवारी मॅनेजरनं तिला बोलावून सांगितलं, पुढच्या हंगामात तू कपड्यांच्या खोलीत मदत कर.

ती पोर मी. पंचवीस वर्षं झाली, अजून कपड्यांच्याच खोलीत आहे.

ही गोष्ट नेस्टा माझ्यादेखत सांगायची. मी तिचा ग्लास भरत असायचे आणि ती म्हणायची, “काय बाई नाव त्या पोरीचं... हेझल? तोंड असं झालं होतं, नुकत्याच सोललेल्या बटाट्यासारखं!” ती मुद्दाम करत असती तर मी कधीच सोडून गेले असते. पण तिला खरोखर आठवत नव्हतं. स्मरणशक्ती शाबूत होती तेव्हाही आठवत नव्हतं. एखाद्याचं आयुष्य आपण मोडलं हे लक्षात ठेवण्याइतकीही मी तिच्या लेखी कोणी नव्हते.

मग राहिले कशाला, असं कोणी विचारेल. पोटासाठी म्हणा. दर दौऱ्याला ती मलाच मागायची. आणि खरं सांगायचं तर तिच्यासारखं काम करणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही. ती नुसती हातरुमालाची घडी करायची आणि नवरा मेलेल्या बाईची चाळीस वर्षं दिसायची. मी विंगेतून बघायचे आणि माझं तिच्यावर प्रेम आहे की मला तिचा गळा दाबायचाय, हे मला ठरवता यायचं नाही. जानेवारीपासून आणखी एक गोष्ट झाली होती. माझ्यावाचून तिला रंगमंचावर पाऊल टाकता येत नव्हतं. त्याची मला गोडी लागली होती, हेही लपवत नाही.

तर त्या दुपारी चिकटपट्ट्या कापून झाल्यावर मी म्हटलं, “मिस प्रॉबर्ट, मी सगळ्यांना सांगून ठेवू का, की आज तुमच्या वाटेला जाऊ नका? मिस लोम येणार आहेत म्हटल्यावर कोणी नाही म्हणणार नाही.”

तिनं ब्रश खाली ठेवला.

“वेड लागलंय का तुला? मी, नेस्टा प्रॉबर्ट, आणि मला वगळा? म्हणतील, म्हातारी घाबरली. मग कशाला घाबरली ते हुंगत फिरतील. काही करत नाहीत ती लेकरं. फार तर कॉलरमध्ये बर्फ घालतील.”

“तरी पण...”

“तुझं बरं आहे, एव्हरिल,” आरशातून माझ्याकडे बघत ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, उलट थोडी मायाच होती. “गमवावं असं तुझ्याकडे कधी काही नव्हतंच. त्यामुळे भीती म्हणजे काय ते तुला कळत नाही. जा, कपबशा मांडून ये.”

मी गेले. मागच्या बाजूला सामान ठेवायच्या टेबलावर निळ्या फुलांचा चहाचा सेट होता. नऊच्या नऊ तुकडे जागच्या जागी लावले. ट्रेवर पांढरा कपडा टाकला. परत फिरले तर बोळात क्रिस्पिन उभा. इन्स्पेक्टरचं काम करणारा. तिशीचा, देखणा, मनानं चांगला मुलगा. हातात बुटांचं खोकं.

“एव्हरिल, बघ ना,” त्यानं झाकण उघडलं. आत भातुकलीचा चहाचा सेट. अंगठ्याएवढी किटली, बटणाएवढ्या बशा. “हिचा सेट इथून उचलायचा आणि कपड्याखाली हा ठेवायचा. तिनं कपडा उचलला की... कल्पना कर!” मग त्याचा चेहरा थोडा उतरला. “पण आज ती कोण बाई येणार आहे ना? नेस्टाला चालेल ना गं? तू म्हणत असशील तर राहू दे. मी तिच्या चष्म्याला काजळ लावीन, तेवढं पुरे.”

तो खरंच थांबला असता. मी नुसती मान हलवली असती तरी.

“तिला गंमत फार आवडते,” मी म्हणाले.

त्यानंतर पडदा वर जायला वीस मिनिटं होती आणि तिची खोली तिथून दोन दारांवर होती. मी तिच्या कॉलरला इस्त्री केली, ती गरम गरम तिच्या गळ्यात घातली, पाठीमागची बटणं लावली. ती म्हणाली, “हात थंड आहेत तुझे.” मी म्हटलं, “हवा गार आहे.”

पहिला अंक सुरळीत गेला. क्रिस्पिनच्या टोपीतून पिठाचा लोट निघाला, पीठ त्यानं झटकून टाकलं. मिस लोम सहाव्या रांगेत कडेला बसल्या होत्या. राखाडी कोट, मांडीवर वही. बाकी सगळी शनिवारची पेन्शनर मंडळी.

दुसऱ्या अंकात नेस्टा टेबलाशी गेली आणि तिनं कपडा उचलला.

लोकांनी आधी श्वास रोखला आणि मग नाट्यगृह हशानं दणाणलं. नेस्टा त्या चिमुकल्या सेटकडे बघत राहिली. तिची पाठ ताठ झालेली मला विंगेतून दिसली. मग तिनं काय करावं? दोन बोटांत किटली धरली, करंगळी वर केली, आणि शांतपणे त्या बटणाएवढ्या कपात चहा ओतायला लागली. एक थेंब. मान कलती करून बघितलं, पुरे झाला का. इन्स्पेक्टरकडे बघितलं, एवढा धिप्पाड माणूस, आणि विचार करून दुसरा थेंब घातला. मग साखरेचा एक कण चिमटीत धरून, त्याचा अर्धा करायचा म्हणून दातानं तोडला. क्रिस्पिनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मिस लोम रुमाल तोंडावर धरून हसत होत्या. मला वाटलं, जिंकली. या बाईला काही होत नाही. आणि मला आनंद झाला, देवाशप्पथ झाला.

मग क्रिस्पिननं स्वतःला सावरून वाक्य टाकलं. “तर मिसेस गिल, त्या रात्री तुम्ही काय ऐकलंत?”

नेस्टानं बशी उलटून बघितली. दुसरी बशी उलटून बघितली. लोक हसले. तिनं किटलीचं झाकण नखानं उचललं आणि डोळा लावून आत बघितलं. लोक आणखी हसले. तिनं सगळे कप एकेक करून उलटे केले, मग पुन्हा सुलटे केले. हसू विरत गेलं.

“मिसेस गिल?” क्रिस्पिन म्हणाला.

“मी जिन्यावर...” प्रॉम्प्टर कुजबुजला.

“मी जिन्यावर,” नेस्टा म्हणाली.

“...पावलं ऐकली,” प्रॉम्प्टर.

“पावलं ऐकली.” आणि ती थांबली.

मागच्या रांगेत कोणी तरी चॉकलेटचा कागद उलगडला. तो उलगडून होईपर्यंत सगळ्यांनी ऐकला. प्रॉम्प्टर आता मोठ्यानं सांगत होता, पण ती तिकडे बघेना. तिनं विंगेकडे तोंड वळवलं, थेट माझ्याकडे. नेस्टाचा बाप वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत होता. तिथली बोली तिनं विसाव्या वर्षी घासून काढली होती, ती माझ्या कानावर कधी पडलीही नव्हती. त्या बोलीत ती भर रंगमंचावरून म्हणाली,

“फुडं काय हाय गं, एव्हरिल?”

मला सगळं पाठ होतं. आठही मिनिटं. सप्टेंबरपासून रोज ऐकत होते, झोपेतही म्हणाले असते. ती वाट बघत होती. तोंडावर भीती नव्हती. मी सांगणारच, याबद्दल तिला शंका नव्हती. मी तिची शाल छातीशी धरून उभी राहिले आणि एक शब्द बोलले नाही. शेवटी मॅनेजरनं पडदा पाडला आणि मध्यंतर जाहीर करून टाकलं. बाहेर प्रेक्षकांच्या रांगांमधून चहाचे ट्रे फिरायला लागले.

उरलेलं नाटक टॅम्सिननं हातात पुस्तक धरून केलं. टॅम्सिन म्हणजे बदली नटी, चोवीस वर्षांची.

मी नेस्टाला खुर्चीत बसवून थंड पाण्याचा पेला दिला. प्रयोग संपल्यावर मिस लोम आत आल्या. नेस्टा उठली, तिनं शाल सावरली. आता ती पुन्हा तीच होती.

“नेस्टा, डार्लिंग,” मिस लोमनी तिचे दोन्ही हात धरले. “काय दुपार होती!”

आमच्याकडे काम चांगलं झालं की लोक म्हणतात, चांगलं झालं. ‘काय दुपार होती’ हे दुसऱ्या गोष्टीसाठी असतं. नेस्टानं स्वतः हे वाक्य पन्नास वर्षं लोकांच्या गालांवर ओठ टेकवत म्हटलेलं होतं. ती हसली आणि म्हणाली, “आलीस हे किती बरं केलंस.”

मिस लोमनी बोळात मला गाठलं. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी दार नीट लागलंय का बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, “तुम्ही तिच्याबरोबर असता ना? मला एकच सांगा. आज खोड्यांची मॅटिनी होती, हे माझ्या लक्षात आलं. तो छोटा सेट अप्रतिमच होता. मग पुढचं... तेही त्यातलंच होतं का? ती कंपनीची उलट खोडी काढत होती का?”

त्या मला विनवत होत्या. त्यांनाच नेस्टा हवी होती. वाक्य त्यांनी तयार करून माझ्या हातात दिलं होतं, मी फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. खोटं आमच्या धंद्यात कोण बोलत नाही? पुढे मालिकेत तुकड्या-तुकड्यांनी काम करायचं, एका वेळी दोन वाक्यं. स्वयंपाकघराचं दृश्य म्हणजे सगळीकडे बरण्या, डबे, कपाटांची दारं. तिथे मी चिकटपट्टीचे हजार तुकडे लावले असते. तेरा भाग आरामात निघाले असते.

“जानेवारीपासून असंच चाललंय,” मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. “थँक यू,” म्हणाल्या. “खरं सांगितल्याबद्दल.” आणि वही पर्समध्ये टाकून त्या गाडी गाठायला निघून गेल्या.

खरं बोलले, एवढंच मी केलं. आजवर मी हेच स्वतःला सांगत आले आहे. पण बोलताना माझ्या तोंडात काय चव होती ती मला माहीत आहे. गोड होती.

क्रिस्पिन बुटांचं खोकं घेऊन आला तेव्हा मी बाहेरच उभी होते. आत निळ्या फुलांचा सेट होता. त्यानं एक बशी काढून माझ्यासमोर धरली. गुलाबी पट्टीवर माझ्या अक्षरात ‘ओली छत्री’.

“तू मला का नाही सांगितलंस?” तो म्हणाला. “मी तुला विचारलं होतं, एव्हरिल. मी तुला नीट विचारलं होतं.”

“रात्रीच्या प्रयोगाचा शर्ट दे,” मी म्हणाले. “पीठ झटकायचंय.”

त्यानं खोकं जमिनीवर ठेवलं आणि गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. त्या रात्री नाही आणि पुढेही कधी नाही.

रात्रीच्या प्रयोगाला टॅम्सिन जाणार असं मॅनेजरनं ठरवलं. नेस्टाला सांगायचं काम त्यानं माझ्यावर टाकलं. मी मिसेस गिलचा तपकिरी झगा टॅम्सिनच्या खोलीत नेला. तिला तो दोन्ही बाजूंनी सैल होत होता. मी पाठीत नऊ-दहा टाचण्या मारून तो आवळला. तिला नेस्टानं सगळा दौरा छळलं होतं. तरी ती रडत होती. “त्यांना कळलंय का?” तिनं विचारलं. मी तोंडात धरलेली आणखी एक टाचणी काढून झग्यात खोवली.

परत आले तर नेस्टा आतल्या पांढऱ्या पेटीकोटवर आरशासमोर बसलेली. तिनं दुपारचा रंग पुसून पुन्हा नव्यानं चढवला होता. भुवया, गालांवरच्या सुरकुत्या, केसांत पांढरी पावडर, सगळं अगदी चोख. मॅनेजरचा निरोप ओठांवर घेऊन मी दारात उभी राहिले.

“ती लोम काय म्हणाली गं जाताना?” तिनं विचारलं.

“कळवतील म्हणाल्या.”

“कळवेल, कळवेल. काम येतं तिला.” तिनं ओठांवरचा रंग कागदानं टिपला. “स्वयंपाकघर कसं देतात बघू. मला खरी शेगडी हवी. पुठ्ठ्याच्या शेगडीवर मी उकळणार नाही काही.”

भिंतीवरचा लाऊडस्पीकर खरखरला. पहिल्या अंकाच्या मंडळींनी रंगमंचावर यावं. मिस्टर क्रिस्पिन व्हेल. मिस टॅम्सिन हार्ले. नावं वाचणारा मुद्दाम भरभर वाचत होता.

“थँक यू,” नेस्टा स्पीकरला म्हणाली. हाक आली की थँक यू म्हणायचं, ही आमची रीत.

मग ती उठली, माझ्याकडे पाठ केली, आणि डोक्यावरून झगा घालून घेण्यासाठी दोन्ही हात वर केले. दंडांची कातडी लोंबत होती. हात जराही हलत नव्हते. पन्नास वर्षं रोज हे केलेलं, त्यामुळे तिला माहीत होतं की झगा येणारच.

खुंटीवर तिचा बाहेर जायचा कोट तेवढा होता. मी तो काढला.

“आज फार वेळ लावतेस बाई,” ती म्हणाली, हात तसेच वर धरून.